दोन विमानतळांमधले अंतर आणि प्रवासाचा वेळ: आकडे कसे काढावेत आणि कसे वाचावेत

मुंबई ते नागपूर किती अंतर आहे, या प्रश्नाला तीन खरी उत्तरे आहेत. भुसावळमार्गे रेल्वेने गेल्यास ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर, आणि तेही भिवंडीजवळच्या आमणे येथून मोजलेले, म्हणजे मुंबईतून तिथवर पोहोचणे वेगळे. आणि विमानतळापासून विमानतळापर्यंत सरळ मोजल्यास सुमारे ६८३ किलोमीटर. वेळेचेही तसेच. विमान प्रत्यक्ष हवेत असते ती वेळ, तिकिटावर छापलेली वेळ आणि घरातून निघून मुक्कामी पोहोचेपर्यंतची वेळ या तीन निरनिराळ्या गोष्टी असून त्यांतील कोणती आपल्याला हवी आहे हे न ठरवता आकडा शोधायला बसले की गोंधळ होतो. पहिल्यांदा विमानाने जाणाऱ्यांसाठी, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रवास आखून देणाऱ्यांसाठी, हे आकडे क्रमाने कसे काढावेत ते पुढे लिहिले आहे.

आधी विमानतळ ठरवावा, शहर नव्हे

अंतर हे दोन शहरांमधले नसते, दोन विमानतळांमधले असते. हे वाक्य वाचायला फारच सोपे वाटते, पण सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. गोव्याचे तिकीट काढताना दाबोळी आणि मोपा यांपैकी कोणता विमानतळ आहे, हे पाहण्याची सवय अजूनही पुष्कळांना नाही. दाबोळी वास्कोजवळ आहे, तर जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेले मोपा पेडणे तालुक्यात आहे. दोघांमध्ये सरळ रेषेतच चाळीसेक किलोमीटरचे अंतर असून रस्त्याने ते बरेच वाढते. सावंतवाडीला जाणाऱ्याला मोपा जवळ पडते आणि मडगावला जाणाऱ्याला दाबोळी. मुंबईच्या बाबतीतही आता हाच प्रश्न उभा आहे, कारण डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणे होऊ लागली आहेत आणि तिकीट शोधताना दोन्ही पर्याय एकाच 'मुंबई' या नावाखाली समोर येऊ शकतात.

म्हणून शहराच्या नावावर न जाता तीन अक्षरांचे संकेतनाव पाहावे. जुन्या मुंबई विमानतळाचे बीओएम (बॉम्बे नावाचा हा उरलेला अवशेष), नवी मुंबईचे एनएमआय, दाबोळीचे जीओआय, मोपाचे जीओएक्स, नागपूरचे एनएजी, पुण्याचे पीएनक्यू, कोल्हापूरचे केएलएच. हीच अक्षरे बोर्डिंग पासवर आणि सामानाला बांधलेल्या पट्टीवर असतात. याशिवाय चार अक्षरांची आणखी एक संकेतपद्धती आहे, उदाहरणार्थ मुंबईसाठी व्हीएबीबी. ती वैमानिक आणि हवाई नियंत्रक वापरतात आणि विमानाचा मार्ग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर दिसते. प्रवाशाला तीन अक्षरे पुरतात.

सरळ अंतर काढणे

अंतर सांगणारी साधने इंटरनेटवर भरपूर आहेत आणि दोन संकेतनावे टाकली की उत्तर मिळते. तरीही एकदा हाताने हिशेब करून पाहावा, असा माझा आग्रह आहे; त्यामुळे आकड्यामागे काय आहे ते कळते आणि चुकीचा आकडा समोर आला तर तो खटकतो.

मुंबई विमानतळ साधारण १९.०९ उत्तर अक्षांश आणि ७२.८७ पूर्व रेखांशावर आहे, तर नागपूर विमानतळ २१.०९ आणि ७९.०५ वर. अक्षांशांतला फरक दोन अंशांचा. एक अक्षांश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर, म्हणून नागपूर मुंबईच्या २२२ किलोमीटर उत्तरेला आहे. रेखांशांतला फरक ६.१८ अंशांचा, परंतु रेखांश ध्रुवांकडे जाताना एकमेकांजवळ येतात, त्यामुळे विषुववृत्तावर १११ किलोमीटर असलेला अंश आपल्या विसाव्या अक्षांशाच्या आसपास १०४ किलोमीटरांचाच उरतो (१११ गुणिले २०.१ अंशांचे कोसाइन, म्हणजे ०.९३९). यावरून नागपूर मुंबईच्या ६४४ किलोमीटर पूर्वेला आहे. आता शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोण: २२२ चा वर्ग अधिक ६४४ चा वर्ग, आणि त्याचे वर्गमूळ ६८१. संगणकाचे उत्तर ६८३ येते. कागदावर केलेल्या हिशेबात दोन किलोमीटरची चूक कोणालाही चालावी.

ही सपाट त्रिकोणाची युक्ती देशांतर्गत अंतरांना पुरते. लांबच्या प्रवासाला पृथ्वीचा गोलावा हिशेबात घ्यावाच लागतो. तिथे सूत्र असे आहे: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा, दोन्ही अक्षांशांची कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचे कोसाइन या तिघांचा गुणाकार करावा, दोन्हींची बेरीज ज्या कोनाचे कोसाइन असेल तो कोन शोधून त्याला १११.२ ने गुणावे. मुंबई आणि लंडनचे हीथ्रो घेतले, तर हीथ्रो ५१.४७ उत्तर अक्षांशावर आणि शून्य रेखांशाच्या किंचित पश्चिमेला असल्यामुळे रेखांशांतील फरक ७३.३३ अंश येतो. पहिला गुणाकार ०.२५६, दुसरा ०.१६९, बेरीज ०.४२५, कोन जवळजवळ ६४.८५ अंश, आणि अंतर ७२०० किलोमीटरच्या थोडे वर. पृथ्वी अचूक गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. त्यामुळे या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. दोन संकेतस्थळांवर एकाच जोडीसाठी वीस-पंचवीस किलोमीटरची तफावत दिसली तर कारण बहुधा हेच असते, आणि त्यावर डोके खपवण्यात अर्थ नाही.

मात्र तफावत पंधरा टक्क्यांची दिसली तर एकक तपासावे. विमानवाहतुकीत अंतर नॉटिकल मैलांत मोजतात आणि एक नॉटिकल मैल १८५२ मीटरांचा असतो, तर अमेरिकेतील रस्त्यांवरचा साधा मैल १६०९ मीटरांचा. मुंबई–नागपूर म्हणजे ३६९ नॉटिकल मैल किंवा ४२४ साधे मैल. दोन्ही आकड्यांपुढे नुसते 'मैल' लिहिलेले आढळते.

नकाशावरची रेघ आणि आकाशातली वाट

वर काढलेले अंतर गोलाच्या पृष्ठभागावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचे आहे. भूगोलात या वाटेला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि लंडन पट्टीने जोडले तर रेघ अरबस्तानाच्या उत्तर टोकाजवळून आणि भूमध्य समुद्राच्या बाजूने गेल्यासारखी भासते. प्रत्यक्षात पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून धरला तर तो बराच उत्तरेकडून जातो: गुजरात, पाकिस्तान, इराण, मग कॉकेशसचा डोंगराळ प्रदेश, काळ्या समुद्राचा ईशान्य कोपरा, युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि मग लंडन. या वाटेचा मध्यबिंदू जॉर्जिया आणि आर्मेनियाच्या सीमेजवळ पडतो.

ही देशांची यादी पुन्हा एकदा वाचावी. युक्रेनची हवाई हद्द २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झाली. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून आपली हद्द भारतीय विमानांना बंद केली. यापूर्वी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती बंद होती. म्हणजे मुंबई–लंडनच्या सर्वांत जवळच्या वाटेवरचे दोन मोठे तुकडे भारतीय कंपनीच्या विमानाला उपलब्धच नाहीत, आणि त्याला समुद्रावरून वळसा घालून जावे लागते. उलट पाकिस्तानवरून जाण्याची मुभा असलेल्या परदेशी कंपनीचे विमान त्याच दोन विमानतळांमध्ये कमी अंतर कापू शकते. भूमितीने काढलेले ७२०० किलोमीटर दोघांसाठी सारखेच, पण प्रत्यक्ष कापलेले अंतर आणि वेळ निराळी. तिकिटे पाहताना दोन कंपन्यांच्या 'थेट' उड्डाणांमध्ये पाऊण-एक तासाचा फरक आढळला तर आधी हे कारण मनात आणावे.

शांततेच्या काळातसुद्धा विमान दोऱ्यासारखे सरळ जात नाहीच. ते ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जाते, निघताना धावपट्टीच्या दिशेने निघते आणि उतरताना रांगेत उभे राहते. मुंबईत वर्षाचा बराच काळ विमाने पश्चिमेकडे तोंड करून, जुहूच्या बाजूने समुद्रावर उडतात. नागपूर पूर्वेला, विमान निघाले पश्चिमेला, आणि मग समुद्रावर वळण घेऊन ते परत शहराच्या दिशेने येते. खिडकीशी बसलेल्या नवख्या प्रवाशाला आपण चुकीच्या विमानात बसलो की काय अशी शंका येते. या साऱ्या वळणांसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना कार्बन उत्सर्जनाचा हिशेब करताना सरळ अंतरात ठरावीक भर घालते: ५५० किलोमीटरपेक्षा कमी अंतराला ५०, ५५०० पर्यंत १०० आणि त्यापुढे १२५ किलोमीटर. प्रवाशानेही हाच अंदाज वापरावा. मुंबई–नागपूरचे ६८३ तेव्हा ७८३ होतात.

अंतरावरून वेळ काढणे

इथे नवखा माणूस एक सरळ भागाकार करतो. विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर, अंतर ६८३, म्हणजे ५० मिनिटे. काही संकेतस्थळेही 'उड्डाणाचा वेळ' म्हणून असाच आकडा देतात. पण विमान तो वेग पस्तीस हजार फुटांवर पोहोचल्यानंतरच घेते. चढताना आणि उतरताना ते पुष्कळ सावकाश असते, आणि जमिनीवर तर ते रिक्षाच्या चालीने चालते. म्हणून जेट विमानासाठी माझा ठोकताळा असा: सरळ अंतराला ८०० ने भागावे आणि त्यात अर्धा तास मिळवावा. मुंबई किंवा दिल्लीसारखे गजबजलेले विमानतळ दोन्ही टोकांना असतील तर अर्ध्या तासाऐवजी चाळीस मिनिटे धरावीत. नागपूरसाठी ५१ अधिक ३०, म्हणजे १ तास २१ मिनिटे. वेळापत्रकात दीड तासाच्या आसपासचा आकडा आढळतो. मुंबई–दिल्लीचे सरळ अंतर ११३८ किलोमीटर. ८५ अधिक ४०, म्हणजे २ तास ५ मिनिटे, आणि वेळापत्रकही दोन तासांच्या थोडे वर असते.

विमान कोणते आहे तेही पाहावे. पंख्यांचे एटीआर जातीचे विमान ताशी पाचशेच्या आसपास वेगाने जाते. मुंबई–कोल्हापूरच्या ३०९ किलोमीटरवर जेट आणि एटीआरमध्ये दहाएक मिनिटांचाच फरक पडतो, कारण एवढ्या कमी अंतरात जेटला वेग धरायला सवडच मिळत नाही. पण तेच एटीआर नागपूरला गेले तर अर्धा तास जास्त लागेल. सात-आठशे किलोमीटरच्या प्रवासाचा वेळ दोन कंपन्यांच्या यादीत खूपच वेगळा दिसला तर विमानाच्या जातीचा रकाना उघडून पाहावा.

लांब पल्ल्याच्या रुंद विमानांचा वेग थोडा अधिक असतो आणि चढण्या-उतरण्याचा वाटा एकूण वेळेत कमी असतो, म्हणून तिथे ८५० ते ८७० ने भागावे. याची चाचणी घ्यायला मॉरिशससारखे सोयीचे ठिकाण नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी समाज आहे, मुंबईहून थेट उड्डाण आहे, आणि वाट जवळजवळ पूर्णपणे समुद्रावरची असल्यामुळे कोणाची हद्द आडवी येत नाही. सरळ अंतर सुमारे ४७०० किलोमीटर. ८६० ने भागल्यास साडेपाच तासांना दोन मिनिटे कमी. त्यात अर्धा तास. उत्तर सहा तास, आणि वेळापत्रकही साधारण तेच सांगते.

एकदा नागपूरहून मुंबईला येताना मी हे सगळे टप्पे वहीत टिपून ठेवले होते. सुटण्याची वेळ ६:२० होती. ६:१७ ला विमान मागे ढकलले गेले, ६:२९ ला चाके जमिनीवरून उचलली, ७:३८ ला ती मुंबईच्या धावपट्टीला टेकली आणि ७:५१ ला विमान जागेवर थांबले. तिकिटावर पोहोचण्याची वेळ ७:५५ होती. हवेतली ६९ मिनिटे धरली तर सरासरी वेग ताशी ५९४ किलोमीटर पडतो. मागे ढकलल्यापासून थांबेपर्यंतची ९४ मिनिटे धरली तर तो ४३६ वर येतो. ताशी ८३० चा वेग त्या दिवशी काही मिनिटेच गाठला गेला असावा.

या ९४ मिनिटांना विमानवाहतुकीच्या व्यवहारात 'ब्लॉक टाइम' म्हणतात: निघताना चाकांमागचे अडथळे काढल्यापासून पोहोचल्यावर ते पुन्हा लावेपर्यंतचा काळ. वेळापत्रकातल्या दोन वेळांमधला फरक म्हणजे हाच, आणि त्यात कंपनीने घातलेली थोडी सैलही असते. उड्डाण ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत असले तर ते वेळेवर धरले जाते, म्हणून कंपन्या रांगेचा अंदाज घेऊन वेळ थोडी वाढवूनच छापतात. विमान 'वेळेच्या आधी' पोहोचल्याचे कौतुक करताना हे लक्षात असू द्यावे. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. संध्याकाळच्या गर्दीत उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, आणि ती वीस मिनिटे कुठल्याच सूत्रात बसत नाहीत.

वारा

जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा का नसतो, याचे उत्तर बहुतेक वेळा वाऱ्यात असते. हिवाळ्यात उत्तर भारतावर नऊ ते तेरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह असतो आणि त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे सहज जातो. प्रवासी विमाने नेमकी याच उंचीवरून जातात. दिल्लीहून कोलकात्याला जाताना यातले हजार किलोमीटर पूर्ण उंचीवरून कापले असे धरू: वारा पाठीशी असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८३० अधिक १५०, म्हणजे ९८०, आणि लागणारा वेळ ६१ मिनिटे, परतताना वारा तोंडावर, वेग ६८०, वेळ ८८ मिनिटे. अंतर तेच, विमान तेच, आणि फरक जवळजवळ अर्ध्या तासाचा. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह तयार होतो, पण तो इतका जोरदार नसतो.

वाऱ्यासाठी अंतर वाढवणेही परवडते, याचे भारतातले ठळक उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचे उड्डाण. ते आधी अटलांटिक महासागरावरून, सुमारे १३,९०० किलोमीटरच्या वाटेने जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडे वळवून प्रशांत महासागरावरून, सुमारे १५,३०० किलोमीटरच्या वाटेने नेण्यात आले. चौदाशे किलोमीटर अंतर वाढले आणि वेळ मात्र कमी झाला, कारण सारी वाट वारा पाठीशी होता. अंतरावरून वेळ ठरवता येतो, या समजुतीची मर्यादा याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

प्रवाशाने यातून एवढेच करावे: पूर्वेकडे जाणाऱ्या प्रवासाला ठोकताळ्यातून थोडे वजा आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याला थोडे अधिक, आणि लंडन किंवा त्यापलीकडे जायचे असेल तर जाता-येताना पाऊण ते एक तासाची तफावत गृहीत धरावी.

घड्याळ लावणे

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाची असते. मुंबई आणि नागपूरमध्ये प्रश्न नाही. सूर्य नागपुरात पंचवीस मिनिटे आधी उगवत असला तरी घड्याळ एकच आहे. परदेशी प्रवासात मात्र नुसती वजाबाकी फसवते. समजा, मुंबईहून दुपारी १:०५ ला निघणारे विमान लंडनला संध्याकाळी ६:१५ ला पोहोचते. वजाबाकी ५ तास १० मिनिटांची. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते, म्हणून खरा प्रवास ९ तास ४० मिनिटांचा. परतताना लंडनहून रात्री ८:३० ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला पोहोचले, तर वजाबाकी साडेतेरा तासांची आणि खरा प्रवास ९ तासांचा. पश्चिमेला जाताना फरक मिळवावा, पूर्वेला येताना वजा करावा.

भारत घड्याळ बदलत नाही, पण ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे नेतो. हिवाळ्यात म्हणूनच फरक साडेपाच तासांचा होतो. अमेरिका हेच मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी करते. मधल्या दिवसांत लंडनला विमान बदलून न्यूयॉर्कला जाणाऱ्याने मागच्या प्रवासाच्या आठवणीवर हिशेब करू नये. पोहोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरांत 'अधिक १' (म्हणजे दुसऱ्या दिवशी) असे लिहिलेले असते, तेही वाचावे. विमानतळावर आणायला कोणी यायचे असेल तर त्याला वार आणि तारीख दोन्ही कळवावेत.

वाटेत विमान बदलायचे असेल तर

मुंबईहून दुबईमार्गे लंडनला गेल्यास अंतर किती वाढते? मुंबई–दुबई सुमारे १९३० आणि दुबई–लंडन सुमारे ५५०० किलोमीटर, बेरीज ७४३०. थेट अंतरापेक्षा जेमतेम तीन टक्के जास्त, आणि हद्दींच्या वळशामुळे थेट विमान तरी सरळ कुठे जाते! परंतु वेळ तीन टक्क्यांनी वाढत नाही. चढणे, उतरणे, रांगेत फिरणे हा अर्ध्या तासाचा ठोक खर्च दोनदा होतो आणि मधला थांबा त्यावर. तिकिटाच्या यादीत दिलेला 'एकूण वेळ' हाच इथे उपयोगी आकडा; दोन टप्प्यांची अंतरे जोडून काही हाती लागत नाही. थांबा एकाच विमानतळावर आहे ना, हेही पाहावे. मुंबईतच टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल २ सहारच्या बाजूला असून एकातून दुसऱ्यात जायला बाहेर पडून गाडी किंवा मेट्रो करावी लागते.

दारापासून दारापर्यंत

वहीत टिपलेल्या त्याच नागपूर–मुंबई प्रवासात मी घरातून ४:१५ ला निघालो होतो आणि दादरला ९:०५ ला पोहोचलो. नागपूरचा विमानतळ शहरालगत असूनही ४ तास ५० मिनिटे लागली. सरासरी वेग ताशी १४१ किलोमीटर. प्रवास आखताना हाच हिशेब धरावा. देशांतर्गत उड्डाणासाठी सामान घेण्याची खिडकी साधारणपणे सुटण्याच्या तासभर आधी बंद होते, म्हणून दोन तास आधी पोहोचावे. परदेशी प्रवासासाठी तीन. उतरल्यावर सामानासाठी अर्धा तास, आणि परदेशातून येताना किंवा जाताना पारपत्र तपासणीसाठी निराळा तास. पुण्या-मुंबईत यांत रस्त्याचा वेळ मिळवला की सरळ अंतराने १२४ किलोमीटरवर असलेल्या या दोन विमानतळांमध्ये विमानाने जाण्याचा विचार कोणी सहसा का करत नाही, ते कळते.

भरपाईच्या वेळी कोणता आकडा लागतो

हा भाग बहुतेकांना गरज पडेपर्यंत ठाऊक नसतो. उड्डाण पुरेशा पूर्वसूचनेशिवाय रद्द झाले तर भारतातील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत भरपाईची पायरी ब्लॉक टाइमवरून ठरते: एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांपर्यंत ७,५०० आणि दोन तासांहून अधिक असेल तर १०,००० रुपये, किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. मुंबई–नागपूर म्हणून मधल्या पायरीत येते आणि मुंबई–दिल्ली वरच्या. हवामान किंवा तत्सम कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर भरपाई मिळत नाही.

युरोपात नेमके उलटे आहे. तिथला २००४ चा नियम क्रमांक २६१ पायरी ठरवताना उड्डाणाला लागणारा वेळ पाहत नाही, अंतर पाहतो, आणि ते अंतर बृहद्वृत्ताने, म्हणजे आपण वर काढले त्याच पद्धतीने मोजतो. विमानाने प्रत्यक्ष किती वळसा घातला याच्याशी त्याला देणेघेणे नाही. पायऱ्या १५०० आणि ३५०० किलोमीटरच्या आहेत. ब्रिटनने हाच नियम पौंडांत स्वीकारला असून सर्वांत वरची रक्कम ५२० पौंडांची आहे. लंडन–मुंबई ७२०० किलोमीटर असल्याने वरच्या पायरीत बसते, मात्र पोहोचायला चार तासांहून अधिक उशीर झाला असेल तरच पूर्ण रक्कम मिळते. उशीर तीन ते चार तासांचा असेल तर ती निम्मी होते. लंडनहून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला हा नियम लागू होतो, पण भारतीय कंपनीच्या मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाला तो लागू होत नाही. म्हणजे एकाच तिकिटावरच्या जाण्याच्या आणि येण्याच्या प्रवासाला दोन वेगवेगळे नियम, एकात वेळेचा आकडा आणि दुसऱ्यात अंतराचा. अर्ज लिहिताना रक्कम कोणत्या आकड्यावरून मागितली आहे ते पहिल्याच ओळीत नमूद करावे, आणि सोबत बोर्डिंग पासची प्रत व विमानाचा दरवाजा उघडल्याची वेळ जोडावी. युरोपीय न्यायालयाच्या निर्णयानुसार पोहोचण्याची वेळ तीच धरतात, चाके टेकल्याची नव्हे.